केअर ऑफ नसीम पिंजारी

आमच्या गल्लीत लाइट आली की ती आधी कानांना कळायची. आमच्या दुकानातली कापूस पिंजायची मशीन घरघरायला लागायची, भिंतीपलीकडं शेजारच्या दादांची पिठाची गिरणी सुरू व्हायची, आणि कुणाच्या तरी घरातला टेप सकाळी जिथं बंद पडला होता तिथूनच पुढं गायला लागायचा. त्या वर्षांत भूममध्ये लाइट असणं ही बातमी होती, नसणं नव्हे. कोणत्या भागातली किती वाजता जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. ते अम्मीनं चुलीमागच्या भिंतीला भाताच्या शितांनी चिकटवलं होतं, आणि दळण, इस्त्री, पाणी भरणं सगळं त्याच्या हुकमानं चालायचं. वेळ नसताना लाइट गेली की अम्मी त्या कागदाशी भांडायची. आता माझ्या घरात इन्व्हर्टर आहे, लाइट गेलेली कळतसुद्धा नाही. पण ती आल्यावर अख्ख्या गल्लीनं एका दमात "आली!" म्हणून ओरडायचं, ते सुख माझ्या मुलींच्या वाट्याला आलं नाही, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आम्ही पिंजारी. आजोबांनी धनुकलीवर कापूस पिंजला, अब्बांनी मशीन आणली, आणि मी बारावी होऊन घरी बसले तेव्हा मशीनच्या तोंडात जुना कापूस भरवायचं काम माझ्याकडं आलं. लोकांच्या गाद्या उसवायच्या, आतली गोळा झालेली कापसाची ढेकळं काढायची, फुलवायची, पुन्हा खोळीत भरून टाके घालायचे. ओढणीनं नाकतोंड बांधलं तरी कापूस कुठं ऐकतो! भुवयांवर, केसांत, पाण्याच्या माठावर, सगळीकडं तोच. शेजारचे गिरणीवाले दादा आमच्याकडं जेवायला बसले की म्हणायचे, "वहिनी, तुमच्या आमटीला मिशा आल्यात," आणि मिशा बाजूला काढून दोन वाट्या आमटी प्यायचे. अम्मीची शेंगदाण्याची आमटी होतीच तशी, तिखटजाळ, वर तेलाचा तवंग. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आम्ही त्यांच्या शेतात जाऊन भज्जी आणि आंबील हाणायचो, ईदला त्यांचं घर आमच्याकडं शीरखुर्म्याला. घरात आम्ही निम्मी दखनी आणि निम्मी मराठी बोलायचो. भांडणं दखनीत व्हायची आणि समेट मराठीत. दादांची थोरली मुलगी कल्पना माझ्याच वर्गातली. मी कापसानं पांढरी आणि ती पिठानं पांढरी, अशा आम्ही दोघी संध्याकाळी ओट्यावर बसून गप्पा मारायचो.

गल्लीतला पहिला फोन आमच्या दुकानात आला होता. त्यामुळं गल्लीतल्या प्रत्येक फॉर्मवर, लग्नाच्या प्रत्येक पत्रिकेवर, फोनच्या रकान्यात आमचाच नंबर आणि पुढं 'पी.पी. पिंजारी'. माझी निम्मी शाळा "मावशी, तुमचा फोन!" म्हणत धावण्यात गेली. दुकानाच्या दाराच्या आतल्या बाजूला अब्बांनी खडूनं गल्लीतल्या सगळ्यांच्या नातेवाइकांचे नंबर लिहून ठेवले होते. फोनचा एकच कायदा होता, तोही कुठं लिहिलेला नव्हता. ज्यानं उचलला त्यानं निरोप पोचवायचा, हातातलं काम टाकून. अम्मीनं एकदा तव्यावरची भाकरी तशीच सोडून कुणाला तरी नातू झाल्याचं सांगायला धाव घेतली होती. त्या दिवशी आम्ही करपलेली भाकरी खाल्ली आणि कुणी कुरकुर केली नाही. "निरोप अमानत असतो बेटा," अब्बा म्हणायचे. "ज्याचा त्याच्या हातात पडला, की आपण सुटलो."

अशा घरातली मी कॉम्प्युटर क्लासला गेले, हे आधी समजून घ्या. म्हणजे पुढं मी जे करून ठेवलं त्याची संगती लागेल.

क्लास होता खताच्या दुकानावरच्या माडीवर. जिना चढताना युरियाचा वास नाकात जायचा, तो अजूनही कुठं आला की मला माऊस आठवतो. जाधव मॅडम शिकवायच्या. उंच, सडपातळ, आवाज मात्र एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा. तीन कॉम्प्युटर, त्यातल्या एकालाच इंटरनेट. गोची अशी की लाइट असेल तेव्हाच क्लास, आणि लाइट असेल तेव्हाच आमची मशीन. मी अब्बांना विचारायलाही धजत नव्हते. त्यांनीच एके दिवशी मशीन थांबवली आणि म्हणाले, "एक तास तू जा. एक तास मी एकटा भरवतो. दोन हात कमी पडतील, मशीन काय रुसून बसणार नाही." मी कापसानं भरलेल्या केसांनी तशीच पळाले. मॅडमनी मला जिन्याच्या वरच्या पायरीवर अडवलं, पंचा घेतला आणि मला अंगणातल्या सतरंजीसारखं झटकलं. "पोरी, माझ्या कॉम्प्युटरला दमा होईल." मग हे रोजचंच झालं. पंचा माझ्यासाठी खुंटीवर वेगळा ठेवला गेला.

मॅडमची शिकवायची पद्धत साधी होती. त्यांनी आम्हाला 'इंटरनेट म्हणजे काय' हे कधी सांगितलं नाही. "वीज म्हणजे काय हे कळल्यावरच बटण दाबणार का?" असं विचारून त्या मोकळ्या व्हायच्या. वरच्या लांबट पट्टीत पत्ता लिहायचा, पत्त्यात एक टिंब जरी चुकलं तरी पोस्टमन परत येतो. शोधायचं असेल तर मधल्या चौकोनात लिहायचं, आणि तिथं अर्ज लिहायचा नाही. हे त्यांना सांगावं लागलं, कारण आमच्या बॅचमधल्या एका गुरुजींनी त्या चौकोनात 'कृपया मला शेळ्यांच्या रोगांविषयी माहिती मिळावी ही नम्र विनंती' असं इंग्रजीत टाईप केलं होतं. कर्सर एखाद्या अक्षरावर नेला आणि बाणाचा पंजा झाला, तर ते दार आहे असं समजायचं. आत गेल्यावर भ्यायचं नाही, डाव्या कोपऱ्यातला मागं जायचा बाण आहे. सगळ्यांत अवघड होतं थांबणं. क्लिक केल्यावर वरच्या कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा फिरत राहायचा, पान वरून खाली पदर सरकल्यासारखं हळूहळू उतरायचं, आणि तेवढ्यात धीर सुटून आम्ही आणखी चारदा क्लिक करायचो. मॅडम मागून ओरडायच्या, "एकदा दार वाजवलंय ना? येतंय माणूस उघडायला!" माझा हात कापसाला सरावलेला, हलका. माऊस मला लगेच वश झाला. पंधरा दिवसांत मॅडम मला इतरांना दाखवायला उभं करू लागल्या, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोलू, मला माज आला.

मग ई-मेल. मॅडमनी मला पत्ता काढून दिला आणि बजावलं, "पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. आईलासुद्धा नाही." मी घरी येऊन पहिल्यांदा तो अम्मीलाच सांगितला. अम्मीला सांगितल्यावर शेजारी कळणारच होता. आणि लपवायचं तरी काय? आमच्या गल्लीत दिवसा दाराला कडी घातली तर 'आत काय चाललंय' म्हणून लोक विचारायला यायचे. फोनला आम्ही कधी कुलूप लावलं नाही, मग याला का लावायचं? आठवड्याभरात गल्लीतले लोक फॉर्म घेऊन यायला लागले. "नसीम, त्यात इमेलचा रकाना हाय बघ. तुझा टाक." मी टाकत गेले, आणि पुढं सवयीनं 'केअर ऑफ नसीम पिंजारी' असंही लिहीत गेले. अब्बांनी दाराच्या आतल्या बाजूला, नंबरांच्या यादीखाली, माझा पत्ता आणि पासवर्ड खडूनं लिहिला, म्हणजे बार्शीला कॉलेजला जाणाऱ्या पोरांना तिथल्या कॅफेत बसून बघता येईल. पासवर्ड होता gaadi786. आता सांगायला हरकत नाही, तो पत्ता कधीच बंद पडला.

तुम्ही हसाल. हसा. मी आज भूममध्येच ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते, आणि माझ्या दुकानात येणारी चांगली शिकलेली माणसं मोबाईलवर आलेला ओटीपी चारचौघांत असा खणखणीत वाचून दाखवतात की रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्याला ऐकू जावा. मी त्यांना दटावते. पण मनातून मला त्यांचा राग येत नाही. त्यांना वाटतं, आलेला निरोप मोठ्यानं सांगायचाच असतो.

तर मी गल्लीची पोस्टमास्तरीण झाले. कुवेतला गेलेल्या एकाचं पत्र त्याच्या आईला वाचून दाखवायचं, ती रडली की थांबायचं, मग पुढं वाचायचं. कुणाची बदली, कुणाच्या भाच्याचा फोटो. लॉटरी लागल्याची इंग्रजी पत्रंही ढिगानं यायची. पहिलं आलं तेव्हा आमच्या गल्लीत अर्धा दिवस पेढ्यांची चर्चा झाली, मग मॅडमनी सगळ्यांना जमिनीवर आणलं. इतक्या पसाऱ्यातून वाट काढायची युक्तीही मॅडमनीच दिली होती. "ठळक अक्षरात असेल ते न वाचलेलं. बारीक झालं की वाचलेलं. ठळक तेवढं बघ आणि ऊठ, मागं रांग आहे." मी तो मंत्रच करून टाकला. यादी उघडायची, नजर वरून खाली टाकायची, ठळक काही नसलं की खुर्ची सोडायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

त्या उन्हाळ्यात कल्पनानं पुण्यातल्या एका नर्सिंग शाळेचा फॉर्म भरला. तिला नर्सच व्हायचं होतं. लहानपणी दादांचं बोट गिरणीच्या पट्ट्यात आलं होतं, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरनं ते धुऊन बांधलं, तेवढ्या वेळात कल्पनानं आपलं आयुष्य ठरवून टाकलं होतं. दादा विरोधात नव्हते, पण त्यांच्यावरही माणसांचं दडपण होतं. सोनारीकडचं एक स्थळ आलं होतं, माणसं चांगली, मुलगा शिकलेला. दादांनी ओट्यावर सगळ्यांदेखत न्याय केला. "पुण्याचं बोलावणं आलं तर ती पुण्याला जाईल. न्हाय आलं तर पाव्हण्यांना बोलवू. मग तिनं बी कुरकुर करायची न्हाय, आन् म्या बी न्हाय." कल्पना म्हणाली, "ठरलं." निवड झाली तर ई-मेलनं कळवू, टपालानं नाही, असं फॉर्मवर छापलेलं होतं. ई-मेलच्या रकान्यात माझा पत्ता होता.

रोज संध्याकाळी ती ओट्यावर यायची. आधी दुसरंच काहीतरी बोलायची, मग पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत विचारायची, "आलं का गं काय?"

"न्हाय गं. आल्यावर मी थांबेन व्हय सांगायची? पळत येईन."

"नीट बघितलंस ना?"

या प्रश्नाचा मला राग यायचा. नीट बघितलंस ना! मला! ज्या मुलीला मॅडम इतरांपुढं उभं करतात तिला! "कल्पे, न्हाय आलं म्हणजे न्हाय आलं," मी म्हणायचे. असे दहा-बारा दिवस गेले. एका संध्याकाळी तिनं विचारलंच नाही. नुसती बसली, अम्मीनं दिलेले भाजलेले शेंगदाणे सोलत राहिली, आणि एकही तोंडात टाकला नाही. जाताना म्हणाली, "ऐतवारी पाव्हणे यायलेत. आईनं साडी काढून ठिवलीय." मला फार वाईट वाटलं, पण माझं काही चुकलं असेल असं स्वप्नातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आमच्या मशीनचा पट्टा तुटला. लाइट होती आणि मशीन बंद, असा योग वर्षातून एखाद्या वेळी यायचा. अब्बा हातपाय धुऊन म्हणाले, "चल, आज मी येतो. तू कुठं बघतेस ते मला दाखव." मला अवघडल्यासारखं झालं. अब्बा चौथी शिकलेले. मराठी वाचायचे, इंग्रजी अक्षरं त्यांना कापसाच्या गाठींवरच्या शिक्क्यांवरून आणि ट्रकच्या पाट्यांवरून येत होती, ती पण मोठी, सुटी सुटी. मॅडमनी जिन्यावर बापलेकींना दोघांनाही झटकलं आणि अब्बांना माझ्या शेजारी खुर्ची दिली. मी यादी उघडली. नजर वरून खाली टाकली. "काही नाही अब्बा. चला."

"थांब ना. मी अजून कुठं पाहिलं?"

त्यांनी चष्मा लावला, तर्जनी काचेवर टेकवली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एकेक अक्षर. मागं रांग लागली होती, गुरुजी घसा खाकरत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अब्बा, ही सगळी वाचलेली आहेत. बारीक झालीत बघा. वाचलेलं काय वाचायचं?" त्यांनी ऐकलं नाही. कुणी 'वरची गादी नवीनच आहे हो' म्हणालं तरी शिवण उसवून कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय ते भाव सांगायचे नाहीत, तसलाच हा कारभार. त्यांचं बोट खाली सरकत सरकत एका ओळीवर थांबलं.

"के... ए... एल... पी... बेटा, हे आपल्या कल्पनाचं नाव नाही का?"

मी पाहिलं. कल्पनाचंच नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. बारीक अक्षरात.

"हे वाचलेलं आहे," मी म्हणाले. 

"कुणी वाचलं?"

मी पटकन म्हणाले की बार्शीच्या पोरांपैकी कुणीतरी उघडलं असणार, उघडून सांगायला विसरलं असणार, म्हणूनच दारावर पासवर्ड लिहू नये असं मॅडम म्हणत होत्या. बोलता बोलता माझी नजर त्या ओळीपुढच्या तारखेवर गेली. तो मंगळवार मला आठवला. मशीनवर काम तुंबलं होतं म्हणून मी धावतपळत आले होते, एक ठळक ओळ दिसली, काय लिहिलंय हे न बघताच तिच्यावर क्लिक केलं, गोळा फिरायला लागला, आणि पान उतरायच्या आतच यूपीएस कुईकुई करून सगळं काळं झालं. पान मी पाहिलंच नव्हतं. पण माझ्या क्लिकनं ती ओळ बारीक झाली होती. त्या दिवसाचं पत्र तेवढं एकच होतं. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त ठळक शोधत होते.

"मीच," मी म्हणाले.  अब्बांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मॅडमना हाक मारली.

मॅडमनी पत्र वाचून मराठीत सांगितलं. निवड झाली आहे, मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हावे, न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. शेवटची तारीख कालची होती. खाली फोन नंबर होता. आम्ही तिथूनच लावला. पलीकडच्या माणसानं सांगितलं, जे काय असेल ते मेलवर लिहून पाठवा, आमच्या प्रिन्सिपल मॅडम बघतील, आणि फोन ठेवला.

आधी कल्पनाला सांगायला हवं होतं. गिरणी सुरू होती, दहा-बारा बाया दळणाचे डबे घेऊन उभ्या होत्या, दादा वरच्या तोंडात ज्वारी ओतत होते आणि कल्पना खाली पीठ घेत होती. मी काहीतरी बोलले, कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा बोलले. शेवटी मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "दादा, पत्र आलं होतं! म्याच बघितलं न्हाय!" दादांनी माझ्याकडं पाहिलं, मग अब्बांकडं पाहिलं, आणि गिरणीचा खटका ओढला. लाइट असताना त्यांनी गिरणी थांबवलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. 

मी सगळं सांगितलं, रडत रडत, नाक पुसत. दादा बराच वेळ हाताला लागलेलं पीठ झाडत राहिले. "तारीख गेली म्हणतीस," ते म्हणाले. "रसूलभाई, मग हे नशिबातच नव्हतं म्हणायचं का?"

"नशीब नाही दादा," अब्बा म्हणाले. "नशिबानं पत्र पाठवलं होतं. अमानत आमच्या घरातून सांडली. तुम्ही रागवा, पण पोरीला एकदा लिहून बघू द्या."

"रागवून काय व्हतंय," दादा म्हणाले, आणि कल्पनाकडं वळले. "जा. लिव्ह जा. शनवार संध्याकाळपर्यंत वाट बघतो. तवर पाव्हण्यांना काय कळवत न्हाय."

 कल्पनानं हात धुतले, ओढणी झटकली, आणि माझ्या पुढं चालायला लागली. माडीवर ती माझ्या शेजारी बसली, पहिल्यांदाच कॉम्प्युटरपुढं. वेळापत्रकाप्रमाणं लाइट जायला पाऊण तास होता. मी भराभर टाईप करायला लागले, आमच्या गावात भारनियमन असल्यामुळं पत्र वाचता आलं नाही वगैरे.

"काय लिव्हलंस?"

मी सांगितलं.

"लाइटीवर ढकलू नकोस," ती म्हणाली. "खरं काय ते लिव्ह."

"कल्पे, तसं बरं दिसतं—"

"तुझं नाव लिव्ह, नसीम. नसीमनं उघडलं आन् वाचलं न्हाय, असं लिव्ह."

मी लिहिलं. स्वतःच्या बोटांनी, एकेक अक्षर. मॅडमनी इंग्रजी नीट करून दिलं आणि मजकूर असा झाला: आमच्या गल्लीत ई-मेलचा एकच पत्ता आहे. तो माझी मैत्रीण नसीम हिचा आहे. तिनं तुमचं पत्र उघडलं पण वाचलं नाही, त्यामुळं मला ते आज कळलं. मी बोलावलं त्या दिवशी यायला तयार आहे. कृपया माझी जागा ठेवावी. पाठवायचं बटण कल्पनानं दाबलं. एकदाच. मग हात मांडीवर ठेवून ती गोळा फिरताना बघत बसली.

शुक्रवारी काही आलं नाही. त्या दिवशी मी यादीतली प्रत्येक ओळ वाचली, लॉटरीवाल्यांचीसुद्धा, आणि पुन्हा खालून वर वाचली. रात्री जेवण गेलं नाही. अम्मी म्हणाली, "उपाशी राहून पत्र लवकर येतं का?" पण तीही दोन घासांत उठली. शनिवारी दुपारी लाइट आली तेव्हा गल्लीत नेहमीसारखी आरोळी उठली, पण आमची मशीन सुरू झाली नाही आणि गिरणीही नाही. दादा आणि अब्बा खताच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. आम्ही दोघी वर गेलो. मी यादी उघडली. सगळ्यांत वर एक ओळ होती, ठळक.

मी माऊसवरचा हात काढून घेतला. "तूच उघड."

तिला माऊस धरता येत नव्हता. बाण इकडं तिकडं पळत होता, दोनदा ओळ चुकली, मी हाताची घडी घट्ट घालून बसले. पान उतरलं. मॅडमनी मागून मोठ्यानं वाचलं, खाली पायरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. सोमवारी सकाळी दहा वाजता मूळ कागदपत्रं घेऊन या. आणि शेवटची ओळ अशी होती की, यापुढील पत्रव्यवहारासाठी कृपया आपला स्वतःचा ई-मेल पत्ता द्यावा.

खाली दादांनी काय केलं ते मी पाहिलं नाही. अब्बा पुढं पुष्कळ वर्षं सांगायचे की दादा उठले आणि खताच्या पोत्यालाच मिठी मारून उभे राहिले. हे अब्बांचं तिखटमीठ असेल. सोनारीला फोन मात्र दादांनी आमच्याच दुकानातून लावला, तो मी ऐकला. "पोरगी पुण्याला चाललीय शिकाया. तुमी मानसं चांगली हाव, दुसरीकडं बघा." कल्पना आज एका मोठ्या सरकारी दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर आहे आणि तिच्या हाताखालच्या मुली तिला घाबरतात असं ऐकते. मला आश्चर्य वाटत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. पत्र वाचून झाल्यावर आम्ही दोघी आधी रडलो, मग हसलो, मग मॅडमनी डोळे पुसत कल्पनाला पुन्हा खुर्चीत बसवलं. "चल, तुझा पत्ता काढू." मी सराईतपणे कीबोर्ड ओढायला गेले, तर कल्पनानं माझा हात बाजूला केला. हळूच केला, पण केला. नाव तिनं एका बोटानं टाईप केलं, अक्षर शोधायला वेळ लागत होता आणि मला अक्षर कुठं आहे ते दिसत होतं, तरी मी बोलले नाही. मग पासवर्डचा रकाना आला. तिचं बोट हवेत थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"नसीम, तिकडं तोंड कर."

आमच्या गल्लीत असं कुणी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आम्ही एका ताटात जेवलेल्या मुली. मला लागलं, अगदी आत लागलं. डोळ्यांत पाणी आलं. पण मी खुर्चीतून उठले आणि खतांच्या जाहिरातीचं कॅलेंडर टांगलं होतं त्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मागं एकेक बटण वाजत होतं, मधे थांबत होतं, पुन्हा वाजत होतं. ती चुकली, पुसलं, पुन्हा सुरुवात केली. मॅडमही खिडकीबाहेर बघत होत्या. मी वळले नाही. वळायची इच्छा झाली, पण वळले नाही.

"झालं," कल्पना म्हणाली. "आता बघ."